श्रावणघेवड्याची मंदपाक भाजी : अनुक्त द्रव्याच्या विचारासाठी एक उदाहरण

संहितांमध्ये ज्यांचा नामनिर्देशही नाही अशी कितीतरी द्रव्ये आज आपल्या रुग्णांच्या ताटात नित्य असतात. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका आणि श्रावणघेवडा ही त्यांतील ठळक नावे. या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात असून युरोपीय दर्यावर्दी व व्यापारी यांच्यामार्फत ती गेल्या पाच शतकांत आपल्याकडे आली. अशा द्रव्याचे गुणकर्म ठरवावे कसे, हा प्रश्न पथ्यापथ्य सांगताना वैद्याला दिवसातून अनेकदा पडतो. चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायाच्या अखेरीस याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जे द्रव्य ग्रंथात सांगितले गेले नाही त्याविषयी ते द्रव्य जेथे वापरात आहे तेथील लोकांच्या वचनाला प्रमाण मानावे, असा त्याचा आशय आहे. प्रस्तुत लेखात श्रावणघेवड्याच्या बाबतीत हे सूत्र प्रत्यक्ष लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागातील, म्हणजे व्हर्जिनिया, कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी, केंटकी, अलाबामा इत्यादी राज्यांतील एक घरगुती पाककृती निवडली आहे. तेथे ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या मंद आचेवर तासभर किंवा त्याहून अधिक शिजवून खाल्ली जाते.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. मुलाबाळांकडे अटलांटा, शार्लट, डॅलस, ह्यूस्टन येथे सहा-सहा महिने जाऊन राहणारे ज्येष्ठ रुग्ण आता बहुतेक वैद्यांकडे आहेत. तेथून ते दूरध्वनीवर विचारतात, ‘वैद्यबुवा, इथे ग्रीन बीन्स सगळीकडे मिळतात, खाल्ल्या तर चालतील का?’ याचे उत्तर ‘घेवडा वातूळ, वर्ज्य करा’ इतक्यावर संपत नाही.

द्रव्यनिश्चिती

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. मराठीत ‘घेवडा’ हा शब्द किमान दोन भिन्न वनस्पतींसाठी वापरला जातो. एक म्हणजे वाल, पावटा, पापडी यांचे कुल. संहितेतील ‘निष्पाव’ तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा म्हणजे श्रावणघेवडा ऊर्फ फरसबी. फरसबी हे नाव ‘फ्रेंच बीन’ या इंग्रजी नावाचा अपभ्रंश आहे. या दुसऱ्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. मध्य अमेरिका आणि अँडीज पर्वतरांगा अशा दोन स्वतंत्र ठिकाणी ती मानवाने लागवडीखाली आणली, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. तिचेच पक्व, वाळलेले बीज म्हणजे राजमा. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा ‘वाघ्या घेवडा’ हाही त्याच जातीचा असून २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे कोवळी शेंग, पक्व दाणा आणि वेगळ्या प्रजातीतील वालपापडी अशा तीन वस्तूंना आपण एकाच ‘घेवडा’ शब्दात बसवतो. छापील पथ्यपत्रकावर ‘घेवडा वर्ज्य’ एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्णाने नेमके काय सोडायचे?

निष्पावाचे गुण अष्टांगहृदयात सांगितले आहेत. तो गुरु, सर, विदाही, वात, पित्त व रक्त यांना वाढविणारा, तसेच दृष्टी व शुक्र यांना अहितकर आहे. चरकाचार्यांनी ‘शिम्बी’ या सामान्य नावाखाली रूक्ष, कषाय, कोष्ठात वातप्रकोप करणारी व विष्टंभ करून पचणारी असे वर्णन केले आहे. श्रावणघेवड्याला निष्पावाचे सर्व गुण जसेच्या तसे चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र शिम्बीचे सामान्य लक्षण त्याला निश्चितपणे लागू पडते. अर्धकच्ची फरसबी खाल्ल्यावर होणारे आध्मान, पोटातील गुडगुड आणि जडपणा हा प्रत्येकाच्या अनुभवाचा भाग आहे.

आधुनिक रसायनशास्त्राने याला आणखी एक कारण पुरवले आहे. या वनस्पतीत फायटोहीमॲग्लुटिनिन नावाचे लेक्टिन असते. त्याचे प्रमाण लाल राजम्यात सर्वाधिक, तर कोवळ्या शेंगेत त्यामानाने बरेच कमी असते. पुरेशा उष्णतेने ते निष्क्रिय होते. अपुऱ्या शिजलेल्या राजम्याचे मोजके दाणेसुद्धा काही तासांत तीव्र छर्दी व अतिसार घडवू शकतात. म्हणूनच राजमा आधी भिजवून ते पाणी टाकावे, नव्या पाण्यात खळखळून उकळावा, आणि मंद तापमानाच्या विद्युत्पात्रात कच्चाच टाकून शिजवू नये, असे सांगितले जाते. चीनमधील सामुदायिक भोजनगृहांत अर्धकच्च्या हिरव्या फरसबीमुळेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ‘हिरवी भाजी आहे, थोडी कच्ची राहिली तर उलट पौष्टिक’ हा हल्लीचा समज या भाजीपुरता तरी सोडून द्यावा.

देशजनांचे वचन

आता ज्या देशात ही शेंग मूळची, तेथील लोक काय करतात ते पाहू. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा यांची एकत्र लागवड करीत. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. या तिघांना ते ‘तीन बहिणी’ म्हणत. दक्षिणेतील चेरोकी लोकांच्या आहारातही मका आणि घेवडा यांची जोडी होती. पुढे युरोपीय वसाहतकार आले. त्यांच्याबरोबर खारवलेले व धुरावलेले डुकराचे मांस आले, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या हातांनी स्वयंपाकघरे चालली. एकाच भांड्यात भाजी, थोडे मांस व भरपूर पाणी घालून दीर्घकाळ शिजवायचे आणि तळाचे पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाही, ही पद्धत या तिन्ही प्रवाहांच्या मिश्रणातून घडली. मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या व्हर्जिनियातील फ्रीटाउन या खेड्यात वाढलेल्या एडना लुइस (१९१६–२००६) यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ या पुस्तकातून या ऋतुनिष्ठ ग्रामीण पाकपरंपरेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

दक्षिणेतील गृहिणी या भाजीसाठी अगदी कोवळी, बारीक शेंग घेत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिला वेलीवरची, आत दाणा भरू लागलेली, थोडी जून शेंग हवी असते. ‘केंटकी वंडर’ हा वेलवर्गीय वाण किंवा अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातील ‘हाफ रनर’ हे तिच्या आवडीचे. अशा शेंगांना शिरा असतात व त्या हाताने ओढून काढाव्या लागतात. शिरा नसलेले वाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील कॅल्व्हिन कीनी यांनी विकसित केले आणि बाजारात तेच पसरले. पण जुन्या वळणाच्या लोकांना त्या बिनशिरांच्या शेंगांत दम वाटत नाही. जून, दाणेदार शेंग दहा मिनिटांत शिजत नाही. ती खाण्यायोग्य व्हायची तर दीर्घ पाक अटळ ठरतो. द्रव्याची अवस्था आणि संस्कार यांचे हे नाते आपल्याला अपरिचित नाही.

डोंगराळ भागात याच शेंगा दोऱ्यात ओवून छताखाली किंवा चुलीजवळ वाळवीत आणि हिवाळ्यात भिजवून खारवलेल्या मांसाबरोबर शिजवीत. वाळून सुरकुतलेल्या या माळांना तेथील लोक गमतीने ‘चामड्याच्या विजारी’ म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गवार वाळवून ठेवतात, तिची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

पाकविधी

मूळ पाककृती अशी. सुमारे ४५० ग्रॅम शेंगा निवडून, शिरा काढून, दीड-दोन इंचांचे तुकडे हाताने मोडावेत. जाड बुडाच्या भांड्यात धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तीन-चार काप मंद आचेवर परतून त्यांची चरबी सुटू द्यावी, किंवा त्याऐवजी पायाच्या सांध्याचा धुरावलेला तुकडा पाण्यात आधी तासभर उकळून घ्यावा. सुटलेल्या चरबीत एक मध्यम कांदा मऊ होईपर्यंत परतावा. शेंगा घालून एकदा हलवाव्यात, त्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे, मिरपूड व चिमूटभर साखर घालून उकळी आणावी, मग आच कमी करून झाकण ठेवून पाऊण ते दीड तास शिजू द्यावे. शेवटची पंचवीस मिनिटे उरली असता लहान नवे बटाटे घालतात. अखेरीस झाकण काढून पाणी आटवतात, तळाशी वाटीभर दाट रस राहतो. मीठ शेवटी चाखून घालतात, कारण मांस मुळातच खारट असते. काही घरांत वाढताना थोडा व्हिनेगर शिंपडतात. भाजीचा रंग हिरवागार राहत नाही, ती शेवाळी-तपकिरी होते, आणि शेंग जिभेने दाबली तरी विरघळावी इतकी मऊ होते.

पाकाच्या क्रमातही युक्ती आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तिकांना धरून ठेवणारे पेक्टिन दीर्घ उष्णतेने सुटत जाते. आम्ल माध्यमात हे सुटणे मंदावते, म्हणून व्हिनेगर किंवा टोमॅटो आरंभी घातल्यास शेंग तासभर शिजूनही चिवट राहते. आम्ल नेहमी शेवटी घालावे. उलट खाण्याचा सोडा घातल्यास शेंग झटकन मऊ पडते, हिरवा रंगही टिकतो, परंतु थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मोठ्या प्रमाणात नष्ट होते व भाजीचा लगदा होतो. हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेल्याने रंग बदलतो. रंग बदलला म्हणजे भाजी बिघडली, असे नव्हे.

करणाचे, म्हणजे संस्काराचे, जे घटक चरकाचार्यांनी विमानस्थानात मोजले आहेत, त्यांपैकी जल व अग्नी यांचा संयोग, काल आणि भाजन हे तिन्ही येथे एकत्र आढळतात. दक्षिणेत या कामासाठी बिडाचे जाड भांडे परंपरेने वापरतात. टेनेसी राज्यातील साउथ पिट्सबर्ग येथे लॉज कंपनी १८९६ पासून अशी भांडी ओतते आहे. जाड बीड उष्णता धरून ठेवते आणि आच मंद व सम राहते. औषधनिर्माणशाळेतील बांधवांना यात क्वाथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मृदू द्रव्याला चौपट, मध्यमाला आठपट आणि कठीणाला सोळापट जल हे शार्ङ्गधराचे परिमाण आपल्या हाताखालचे. ही गृहिणी शेंगेच्या दुपटीच्या आसपास पाणी घेते, कारण तिला रस काढून चोथा टाकायचा नाही, दोन्ही खायचे आहेत. क्वाथाच्या भांड्यावर झाकण ठेवू नये हा आपला दंडक, तर येथे आरंभी झाकण व शेवटी उघडे. उद्देश वेगळा असल्याने विधी वेगळा.

स्नेह आणि निष्पीडन

चरकाचार्यांच्या शाकवर्गातील एक नियम येथे फार महत्त्वाचा आहे. गुरु, रूक्ष व विष्टंभी अशा भाज्यांची एक मोठी यादी देऊन त्यांनी सांगितले आहे की त्या वाफवून, रस पिळून टाकून व पुष्कळ स्नेह घालून सेवन केल्यास प्रशस्त होतात. या यादीचा आरंभच सूप्यशाकांनी, म्हणजे डाळवर्गीय वनस्पतींच्या भाज्यांनी होतो. दक्षिणेतील पाककृतीत या नियमाचे स्वेदन पूर्णपणे पाळले जाते. स्नेहाचा अंशही भरपूर आहे. शिवाय तो स्नेह वराहाचा आहे. वराहमांस चरकाचार्यांनी स्नेहन, बृंहण, बल्य, रोचक, स्वेदन, गुरु आणि वातनाशक असे वर्णिले आहे. रूक्ष, कषाय, वातकर शिम्बीला वातघ्न स्निग्ध द्रव्याची जोड देणे, याहून शास्त्रसंमत संयोग शोधूनही सापडणार नाही. आणि ज्यांनी तो योजला त्यांनी आयुर्वेदाचे नावही ऐकलेले नव्हते. देशजनांच्या वचनाला प्रमाण मानण्यामागील मर्म येथे स्पष्ट होते.

मात्र तिसऱ्या भागात, रस पिळून टाकण्याच्या बाबतीत, ही परंपरा नेमकी उलट वागते. भाजीच्या तळाचा रस तेथे ‘पॉट लिकर’ या नावाने ओळखला जातो. मक्याच्या जाड भाकरीसारख्या पावाबरोबर तो चाखतमाखत खाण्याची रीत आहे. हा पाव रसात बुडवावा की कुस्करून घालावा, यावर १९३१ साली लुइझियानाचे राज्यपाल ह्यूई लाँग आणि अटलांटा येथील ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे दैनिक यांच्यात खुमासदार वाद रंगला होता. मग रस टाकावा की प्यावा?

प्रस्तुत लेखकाचे मत असे की हा विरोध खरा नाही, तो उपयोक्त्याच्या भेदाने सुटतो. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे, म्हणजे क जीवनसत्त्व व फोलेट, तसेच पोटॅशियम इत्यादी खनिजे शिजवताना मोठ्या प्रमाणात पाण्यात उतरतात. शेतात राबणाऱ्या, दीप्ताग्नी, अल्प अन्नावर जगणाऱ्या मनुष्याला तो रस टाकून देणे परवडणारे नव्हते. दक्षिणेतील गरीब जनतेचा आहार विसाव्या शतकाच्या आरंभी खारवलेली चरबी, मक्याचे पीठ आणि काकवी या तीनच गोष्टींवर येऊन ठेपला होता. त्यातून पेलाग्रा या व्याधीने तेथे थैमान घातले. हा संसर्ग नसून आहारदोष आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या आपल्या कार्यातून दाखवून दिले आणि १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्लाचा संबंध सिद्ध केला. ज्यांच्या घरामागे भाजीचा वाफा व घेवड्याचा वेल होता, त्यांचे ताट त्या तीन वस्तूंपलीकडे जात असे. आपल्याकडेही दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या लोकांत हीच व्याधी आढळली होती व हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन यांनी तिच्यावर महत्त्वाचे संशोधन केले, हे वाचकांना ज्ञात असेल.

या उलट मंदाग्नी, आध्मानाची प्रवृत्ती असलेला, वातप्रधान व वृद्ध रुग्ण. त्याला ही भाजी द्यायची तर पहिली उकळी दहा मिनिटांची काढून ते पाणी टाकून द्यावे, शेंगा हलक्या हाताने दाबाव्यात आणि नंतर नव्या पाण्यात स्नेहासह दीर्घ पाक करावा. वृक्कविकारात ज्यांना पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे, त्यांच्यासाठी तर पाणी टाकणे हाच हितकर मार्ग होय, आणि तळाचा रस त्यांनी मुळीच पिऊ नये.

रुग्णाला सांगताना

गेल्या काही वर्षांत अटलांटाजवळ मुलाकडे राहणाऱ्या एका शाकाहारी दांपत्याचा सल्ला प्रस्तुत लेखकाकडे होता. आजोबांना उच्च रक्तदाब, आजींना जीर्ण मलावष्टंभ व आध्मान. बाहेर जेवताना ‘भाजीच तर आहे’ म्हणून दोघेही निःशंकपणे ग्रीन बीन्स घेत. दक्षिणेतील साध्या खाणावळींत एक मांसपदार्थ व तीन भाज्या अशा ताटाची पद्धत आहे, मांस नको असल्यास नुसत्या भाज्यांचेही ताट मिळते. परंतु त्या भाज्या धुरावलेल्या मांसाच्या पाण्यात शिजलेल्या असतात, व वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्या भाज्याच असतात. यात फसवणुकीचा भाग नाही. तेथील समजुतीत मांस ही येथे फोडणी आहे. आजींना हे कळले तेव्हा त्यांना दोन दिवस अन्न गोड लागले नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या दृष्टीने मात्र मांसापेक्षाही त्यातील मीठ महत्त्वाचे होते. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मिठाची शिफारस करते. खारवलेले मांस, डबाबंद रस्सा आणि वरून मीठ असे तीन थर एकत्र आले की एका वाटीतच मोठा वाटा संपतो. तेव्हा परदेशी जाणाऱ्या शाकाहारी व रक्तदाबाच्या रुग्णांना ‘भाजी कशात शिजवली आहे?’ हा प्रश्न विचारण्यास वैद्याने आधीच शिकवून ठेवावे.

घरी करण्यासाठी आजींना जो विधी सांगितला तो असा. ४५० ग्रॅम शेंगा वरीलप्रमाणे उकळून, पाणी टाकून घ्याव्यात. दोन मोठे चमचे गाईचे तूप तापवून त्यात जिरे, पाव चमचा ओवा व चिमूटभर हिंग घालावा, कांदा मऊ परतावा, पेरभर आले किसून घालावे, शेंगा व सुमारे ७०० मिलिलीटर गरम पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. मीठ चौघांत मिळून अर्धा चमचा. इंधन व वेळ वाचवायचा असेल तर दाबपात्रात तीन शिट्ट्या करून नंतर झाकण काढून पंधरा मिनिटे आटवावे. नुसत्या दाबाने शेंग मऊ होते, पण रस दाटत नाही व चव येत नाही. धुराचा गंध हवा असल्यास वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडावे व पाच मिनिटे भांडे झाकावे. अमेरिकेतील घरांत मात्र हा प्रयोग धूरसूचक यंत्राचा कर्कश आवाज ऐकण्याची तयारी असेल तरच करावा. नाहीतर तेथे मिळणारी धुरावलेल्या मिरचीची पूड चिमूटभर पुरते. आजींनी ही भाजी आठवड्यातून दोनदा, दुपारच्या जेवणात, मऊ भाताबरोबर घेतली. पोट फुगण्याची त्यांची तक्रार त्या भाजीने वाढली नाही आणि वर्षानुवर्षे टाळलेली एक हिरवी भाजी ताटात परत आली. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, परंतु सहकाऱ्यांनी आपापल्या रुग्णांत पडताळून पाहावे इतके हे निश्चित सोपे आहे.

ओव्याची योजना केवळ आपली नाही. जर्मनीत घेवड्याबरोबर जी सुगंधी वनस्पती घालतात तिचे नावच ‘घेवड्याची वनस्पती’ असे आहे, व मेक्सिकोत त्याच हेतूने एपाझोते नावाची पाने घालतात. त्या जर्मन वनस्पतीच्या तेलातील प्रमुख घटक कार्व्हाक्रोल हा ओव्यातील थायमॉलचाच समघटक आहे. दीपन-पाचन द्रव्याची जोड शिम्बीला द्यावी हे वेगवेगळ्या खंडांतील लोकांना स्वतंत्रपणे सुचावे, हे देशजनवचनाचेच आणखी एक उदाहरण.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणारे रुग्ण हिरव्या भाज्यांविषयी घाबरलेले असतात. १०० ग्रॅम कच्च्या फरसबीत के जीवनसत्त्व सुमारे ४३ मायक्रोग्रॅम असते, पालकात त्याच्या दसपटीहून अधिक. अशा रुग्णाने भाजी बंद न करता प्रमाण स्थिर ठेवावे, आणि बदल करायचा झाल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवावे.

याच शेंगांचा अमेरिकेत आणखी एक लोकप्रिय पदार्थ आहे. मशरूमच्या दुधाळ दाट सुपात शेंगा कालवून, वर तळलेला कांदा पसरून तो भट्टीत भाजतात. हा दक्षिणेचा पारंपरिक पदार्थ नव्हे. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे कॅम्पबेल कंपनीच्या पाकशाळेत डॉर्कस रायली यांनी तो १९५५ साली तयार केला. चरकाचार्यांनी निष्पाव दुधासह विरुद्ध मानला आहे. तो निषेध श्रावणघेवड्याला लावावा की नाही यावर मतभेद होऊ शकतात, परंतु त्वग्विकार व आमवात यांच्या रुग्णांत हा पदार्थ टाळण्यास सांगणे सुरक्षित, असे माझे मत आहे.

साठवणुकीविषयी

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने या भाजीची एक बाजू अतिशय गंभीर आहे. दक्षिणेत उन्हाळ्यात शेंगा काचेच्या बरण्यांत भरून वर्षभरासाठी ठेवण्याची घरोघर प्रथा आहे. हा पदार्थ अल्पाम्ल, म्हणजे सामू ४.६ च्या वरचा, असल्याने हवाबंद बरणीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू वाढून घातक विष तयार करू शकतात. उकळत्या पाण्याच्या १०० अंश सेल्सिअस तापमानाने हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे ११६ अंश लागतात. समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशात अर्ध्या लिटरच्या बरणीला २० मिनिटे व लिटरच्या बरणीला २५ मिनिटे, असे तेथील मार्गदर्शन आहे. बरणीला वास नाही, बुरशी नाही, म्हणजे ती निर्दोष, असे समजणे जिवावर बेतू शकते.

आपल्या व्यवसायात आसव-अरिष्टांना संधानजन्य मद्याचे व आम्लतेचे संरक्षण असते. परंतु ताजा क्वाथ बाटलीत भरून, गरम असतानाच बूच लावून ‘आठ दिवस टिकतो’ असे सांगून देण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, तिला यांपैकी कोणतेही संरक्षण नाही. लसूण किंवा ओल्या औषधी घालून ठेवलेल्या तेलाच्या बाबतीतही हाच धोका असतो, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि पाण्याचा अंश उरलेला असतो. स्नेहपाकात जलांश संपल्याची परीक्षा, म्हणजे कल्काची वात अग्नीवर धरली असता तडतड न होणे, ही या ठिकाणी औपचारिकता नसून सुरक्षेची कसोटी आहे. ताजा क्वाथ द्यायचाच असेल तर तो त्या दिवसापुरता द्यावा, शीतपेटीत ठेवण्यास सांगावे, आणि बाटलीवर तयार केल्याची तारीख व वेळ ठळक अक्षरांत लिहावी. शिजलेल्या घेवड्याच्या भाजीलाही हाच न्याय लावावा. तेथील घरांत ती दुसऱ्या दिवशी अधिक मुरते म्हणून मुद्दाम उरवतात. शीतपेटीत ठेवलेली असेल व पुन्हा वाफ येईपर्यंत गरम केलेली असेल तर निरोगी माणसाला हरकत नाही, मंदाग्नी रुग्णाला मात्र ती ताजीच द्यावी.